सोळाव्या आठवड्याचा डोस

देहूतल्या कुत्र्यांची पाळीव आणि भटकी अशी सरळ वाटणी करायला गेलं की हिशेब जुळत नाही. मधे एक मोठा तिसरा गट उभा राहतो. मळ्यातल्या घराची रात्री राखण करून दिवसा गावभर हिंडणारं कुत्रं. तळवड्याच्या बाजूला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वॉचमनच्या डब्यातली अर्धी चपाती खाऊन वाढलेलं कुत्रं. देवळाकडच्या रस्त्यावर चार दुकानदारांनी मिळून पोसलेलं कुत्रं. या कुत्र्यांना नावं असतात, हाक मारली की ती शेपूट हलवत येतात, एखाद्याच्या गळ्यात पट्टाही असतो. लसीकरणाचं कार्ड मात्र बहुतेकांचं नसतं.

ज्यांचं असतं, त्यांच्या कार्डावरही पुष्कळदा दोनच स्टिकर असतात. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत नोकरी लागलेलं कुटुंब देहूत फ्लॅट घेतं, मुलांच्या हट्टापायी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणतं. विकणारा सांगतो, "चाळीस दिवसांचं आहे, पहिला डोस झालाय." तीन-चार आठवड्यांनी घरचे दुसरा डोस देऊन आणतात. कुठे रेबीजचीही सुई होते. मग पिल्लू दणकट दिसू लागतं, कार्ड कपाटाच्या खणात जातं, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिलेली असली तरी उत्तर ठरलेलं असतं, "डॉक्टर, दोन झाले की. आता कशाला?"

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. कारण लस घेऊनही पार्वोनं मेलेल्या पिल्लांच्या मागे बहुतेक वेळा हाच चुकलेला तिसरा डोस असतो.

पार्वो हा कुत्र्यांच्या जगात तसा नवा रोग. 1978 साली तो पहिल्यांदा ओळखला गेला. मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनिया नावाचा जुना आजार आहे. त्याच्यासारख्याच एका विषाणूच्या कवचात मोजके बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशीत शिरता येऊ लागलं. जगातल्या एकाही कुत्र्याला या विषाणूची ओळख नव्हती. दोनेक वर्षांत तो जगभर पसरला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही त्याची नोंद झाली.

हा विषाणू वेगानं वाढणाऱ्या पेशी शोधतो. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी दोन ठिकाणी सर्वांत जास्त: आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं, त्यामुळे पाणी आणि रक्त वाहून जातं आणि आतड्यातले जीवाणू थेट रक्तात शिरतात. त्याच वेळी मगज निकामी झाल्यानं त्या जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत. दोन्हीकडून मार बसतो. बाहेरून दिसतं ते असं: काल उड्या मारणारं पिल्लू आज खाण्याला तोंड लावत नाही. कोपऱ्यात मान टाकून बसतं. पिवळट फेसाची उलटी करतं. दुसऱ्या दिवशी पातळ, लालसर-काळपट जुलाब सुरू होतात आणि त्यांना एक उग्र, सडका वास असतो. ज्यानं एकदा तो घेतला आहे तो पुढच्या वेळी दारातूनच रोग ओळखतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, कान गार लागतात, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते.

विषाणूला थेट मारणारं खात्रीचं औषध दवाखान्यात नसतं. सलाइन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, जीवाणूंसाठी अँटिबायोटिक्स आणि पिल्लाचं शरीर स्वतः सावरेपर्यंत त्याला जगवत ठेवणं, हाच उपचार. वेळेवर आणि चांगले उपचार मिळाले तर बहुतेक पिल्लं वाचतात; न मिळाल्यास बहुतेक मरतात, आणि तीही दोन-तीन दिवसांत. पहिले दोन दिवस ताक आणि हळद पाजण्यात गेले, तर दवाखान्यात पोचेपर्यंत हातात फारसं काही उरत नाही. खर्चाचं बोलायचं तर लसीला काही शे रुपये लागतात, पार्वोच्या उपचाराला काही हजार.

याहून वाईट गोष्ट पुढे घडते. पिल्लू गेल्यावर घर सुनं वाटतं म्हणून महिन्याभरात त्याच अंगणात दुसरं पिल्लू आणलं जातं आणि तेही जातं. लोक म्हणतात, आमच्या जागेला कुत्रं लाभत नाही. दोष जागेतच असतो, पण तो दिसणारा नाही. पार्वोच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि नेहमीचं फिनाइल त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. सावलीतल्या ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. बुटाच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला चिकटून घरात येतो, म्हणून कधीही बाहेर न गेलेल्या पिल्लालाही पार्वो होतो. फरशी आधी स्वच्छ धुऊन तिच्यावर ब्लीचचं पाणी, साधारण तीस भाग पाण्याला एक भाग ब्लीच, दहा मिनिटं राहू दिलं तर तो मरतो. अंगणातल्या मातीला मात्र असं धुता येत नाही. अशा घरी पुन्हा कुत्रं आणायचं तर सगळे डोस पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच आणावं.

आता त्या प्रश्नाकडे वळू. दोन डोस झालेलं पिल्लू का मरतं?

जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं. त्या चिकातून आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात येतात. सुरुवातीचे आठवडे पिल्लू त्यांच्याच जिवावर जगतं. पण ही प्रतिपिंडं उसनी असतात. पिल्लू स्वतः ती बनवत नाही, त्यामुळे ती दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. आणि जोवर ती पुरेशी आहेत तोवर लशीतल्या विषाणूलाही ती शत्रूच समजतात. लशीतला दुबळा केलेला विषाणू शरीरात थोडा वाढला तरच शरीर धडा शिकतं; आईची प्रतिपिंडं त्याला वाढूच देत नाहीत. सुई टोचली जाते, कार्डावर स्टिकर लागतो, पिल्लाच्या शरीराला मात्र त्याची खबरही नसते.

उदाहरणादाखल आकडे धरू. एका पिल्लाला आईकडून 1280 एकक संरक्षण मिळालं आणि ते 20 पर्यंत उतरल्यावर लस काम करू लागते, असं समजा. 640, 320, 160, 80, 40, 20: सहा वेळा निम्मं व्हायला साधारण साठ दिवस लागतील, म्हणजे आठ-नऊ आठवडे. त्याच वेताच्या दुसऱ्या, अधिक चीक प्यायलेल्या पिल्लाला 5120 एकक मिळालं असेल तर अकरा आठवडे लागतील. आईची प्रतिकारशक्ती फारच चांगली असेल तर काही पिल्लांत चौदा-पंधरा आठवडेही. बाहेरून पाहून कुठलं पिल्लू कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगता येत नाही. म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यायचे असतात. आधीचा डोस पुरेसा पडला नाही म्हणून त्याच्या जोडीला दुसरा, असा त्यामागचा विचार नाही. दार कधी उघडेल ते कळत नाही म्हणून दर काही आठवड्यांनी ते वाजवून पाहायचं.

यात एक धोक्याची फट आहे. आईची प्रतिपिंडं बाहेरच्या दांडग्या विषाणूला अडवायला अपुरी पडू लागतात, पण लशीतल्या दुबळ्या विषाणूला अडवण्याइतकी अजून शिल्लक असतात, असे दोन-तीन आठवडे मधे जातात. या काळात पिल्लू उघडं असतं आणि कुठलीच लस त्याला पूर्ण झाकू शकत नाही. त्याला जपणं हाच उपाय: अनोळखी कुत्र्यांत न सोडणं, रस्त्यावर न फिरवणं, चपला दाराबाहेर काढणं.

कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेनं, वसावानं, या सगळ्याचा विचार करून जो नियम घालून दिला तो लक्षात ठेवायला सोपा आहे. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. सगळं बळ या शेवटच्या अटीत आहे. चाळीसाव्या दिवशी एक आणि सत्तराव्या दिवशी एक असे दोन डोस घेऊन थांबलेलं पिल्लू दहा आठवड्यांवरच थांबलेलं असतं. एकच डोस देण्याइतके पैसे असतील तर तोही सोळाव्या आठवड्यानंतरच द्यावा, असं तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर एक बूस्टर.

"सेव्हन इन वन" किंवा "नाइन इन वन" या नावांनी दवाखान्यात मागितली जाणारी लस एकाच सुईत अनेक रोगांसाठी असते. पार्वोखेरीज तिच्यात डिस्टेंपर असतो, कुत्र्यांची संसर्गजन्य कावीळ असते, पॅराइन्फ्लुएन्झा असतो आणि लेप्टोचे प्रकार असतात. कावीळ आता क्वचित दिसते, आणि याचं मोठं श्रेय लशीचंच.

डिस्टेंपरचं तसं नाही. तो आपल्या गोवराच्या आणि जनावरांच्या बुळकांडीच्या कुळातला रोग. बुळकांडी 2011 मध्ये जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं, आणि तीही लशीच्या बळावर. डिस्टेंपर मात्र आपल्या गल्लीत आहे. सुरुवात सर्दी-पडशासारखी होते: डोळ्यांत पू, नाकातून घट्ट शेंबूड, ताप. काही कुत्री त्यातून उठतात आणि घरचे सुस्कारा टाकतात. मग काही आठवड्यांनी पाय किंवा जबडा एका लयीत उडू लागतो, झोपेतही थांबत नाही. विषाणू मेंदूत पोचलेला असतो.

या रोगाच्या संशोधनानं माणसाचंही मोठं काम केलं आहे. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये 'द फील्ड' या नियतकालिकाच्या वाचकांनी डिस्टेंपरच्या लशीसाठी वर्गणी काढली. मिल हिलच्या प्रयोगशाळेत लेडलॉ आणि डंकिन यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून ती लस तयार केली. पुढे 1933 मध्ये तिथेच, त्याच फेरेटच्या मदतीनं, माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा करता आला.

डिस्टेंपरचं आपल्याकडचं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह मेले. त्यांच्यातल्या काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत. उरलेल्या सिंहांना टोचायला लस अमेरिकेहून आणावी लागली. जंगलाच्या कडेला हिंडणारी कुत्री हा अशा लागणीचा एक मोठा संशयित मार्ग असतो. आपल्याकडे गीर नसेल, पण जुन्नरपासून मावळापर्यंत उसात बिबट्या आहे, आणि त्याच्या जेवणात कुत्रं आहे. अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा वजनानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. डिस्टेंपर बिबट्यालाही होतो. मळ्यातल्या कुत्र्याला दिलेली लस उसातल्या त्या जनावराच्याही कामी येते.

लेप्टोबद्दल थोडक्यात. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा हा जीवाणू. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्यानं घेतलेले बळी अनेकांना आठवत असतील. पावसाळ्यात इंद्रायणी फुगते, ओढ्यांचं पाणी सखल वस्तीत साचतं, गोदामांत आणि किराणा दुकानांमागे उंदीर आहेतच. कुत्र्याच्या मूत्रपिंडात हा जीवाणू मुक्काम करतो आणि त्याच्या मुतातून घरच्या माणसांपर्यंत येऊ शकतो. लेप्टोची लस मेलेल्या जीवाणूची असते, तिचा असर वर्षभराच्या आसपास टिकतो. म्हणून ती दर वर्षी घ्यायची, आणि पावसाआधी, मे महिन्यात घेतलेली उत्तम.

लशीची बाटलीही जवळून पाहण्यासारखी आहे. करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी. तळाशी पांढरी, सच्छिद्र वडी. गोठवून सुकवलेले जिवंत विषाणू त्या वडीत असतात. जोडीला दुसऱ्या कुपीत द्रावण. डॉक्टर ते सुईनं पहिल्या कुपीत सोडतात, वडी क्षणात विरघळते, आणि मग फार वेळ न दवडता ती टोचायची असते. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली. कुपीवरचा सोलून निघणारा स्टिकर कार्डावर चिकटवला जातो. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. स्टिकर नसेल आणि नुसतीच पेनानं तारीख लिहिलेली असेल तर विचारायला लाजू नये. विकणाऱ्यानं "पहिला डोस झालाय" म्हटलं आणि कार्डावर स्टिकर नसेल, तर तो डोस झालाच नाही असं धरून चालावं.

ही कुपी कारखान्यातून दवाखान्यापर्यंत 2 ते 8 अंश तापमानात यायला हवी. ऊब लागली की जिवंत लस मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. आपल्या पट्ट्यात याला एक स्थानिक अडचण आहे. गुरुवार. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी, म्हणून कामगार कुत्र्याला घेऊन येतो तो गुरुवारी. आणि महावितरणची देखभालीची कामं निघतात तीही बहुधा गुरुवारी. लशीच्या फ्रिजला इन्व्हर्टरची जोड आहे का, हे त्यामुळे विचारण्याजोगं आहे. मेडिकलमधून लस विकत घेऊन पिशवीत टाकून उन्हातून दवाखान्यात आणणं तर टाळावंच.

रेबीज शेवटी घेतला, कारण त्याचा विचार एका कुत्र्यापुरता करून भागत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि जगात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के लागण कुत्र्यांमार्फत होते. भारतात दर वर्षी वीस हजारांच्या आसपास माणसं यानं मरतात असा अंदाज बरीच वर्षं सांगितला जाई; आयसीएमआरच्या 2022-23 मधल्या देशव्यापी पाहणीवरून तो सुमारे 5,700 निघाला. आकडा उतरला याचं समाधान आहे. पण यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता.

कुत्र्याला रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर द्यायची, वर्षभरानं पुन्हा, आणि मग लशीवर लिहिल्याप्रमाणे. आपल्याकडे ती दर वर्षी देण्याची रीत आहे आणि ती पाळावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना काढताना या लशीचा दाखला लागतो. पण देहूला 2020 पासून स्वतःची नगरपंचायत आहे, शेजारचं तळवडे महापालिकेत आहे, पलीकडे देहूरोडला कॅन्टोन्मेंट. माणसांच्या या तीन हद्दी रात्रीतून ओलांडणाऱ्या कुत्र्याला त्यांची माहिती नसते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते तेव्हा लाखोंची गर्दी होते, अन्नदानाच्या उष्ट्यावर आसपासची कुत्री जमतात, नवी कुत्री आली की भांडणं होतात. पिसाळलेलं एक कुत्रं अशा वेळी किती जणांपर्यंत पोचेल, याचा विचार वारीच्या तयारीत असायला हवा.

रेबीज आटोक्यात आणणं अशक्य नाही, हे गोव्यानं दाखवून दिलं आहे. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं 2013 पासून गावोगाव पथकं पाठवली. घरची कुत्री दारात जाऊन टोचली, रस्त्यावरची जाळ्यानं धरून. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली याची नोंद मोबाइलवर. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्री, म्हणजे एकूण कुत्र्यांच्या 70 टक्के. शाळांतून मुलांना शिकवणं चालू होतंच. 2019 पर्यंत कुत्र्यांतला रेबीज महिन्याच्या हिशेबानं 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. दहातली सात कुत्री टोचलेली असली की विषाणूची साखळी तुटते. जपाननं हेच फार पूर्वी, 1950 चा कायदा करून, 1957 पर्यंत साधलं होतं. ज्या जिल्ह्यातून जगाला लशी जातात, त्या पुणे जिल्ह्याला हे न जमण्याचं कारण मला दिसत नाही. 2023 च्या केंद्राच्या नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेनं करायचं आहे. तशी मागणी नगरपंचायतीकडे लेखी करणं हा नागरिकाचा हक्क आहे.

कुत्रं चावलं तर, मग ते घरचं आणि लस झालेलं का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. चुना, तिखट, तंबाखू काही लावू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून काही घरांत आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आताची दंडात घेतात, महिनाभरात चार किंवा पाच वेळा. खोल जखमेत त्याबरोबर जखमेभोवती सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्यावं. चावलेलं कुत्रं मारू नये, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता.

हे वाचून झाल्यावर खणातलं ते कार्ड बाहेर काढा. पार्वो-डिस्टेंपरच्या शेवटच्या स्टिकरची तारीख आणि पिल्लाची जन्मतारीख शेजारी मांडा. मधे सोळा आठवडे भरत नसतील, तर या आठवड्यात दवाखान्यात जा. आणि शेडवरचं, दुकानापुढचं, ज्याला तुम्ही रोज चपाती घालता ते कुत्रं तुमच्याशिवाय कोणाच्या हाताला येणार नाही. त्याला धरून नेणारे तुम्हीच आहात.